मानाचं पद आणि कामाचा माणूस



ज्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, ते आयुष्यभर कार्यकर्ते राहिले. अशा माणसाच्या नावानं बोलायचं तर विषयही कार्यकर्त्याचाच हवा, म्हणून मी आज एक जुना प्रश्न तुमच्यासमोर ठेवणार आहे. वस्तीत, रस्त्यावर, समित्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसापुढं एक दिवस मानाचं पद येतं. त्या पदाला अधिकार जवळजवळ नसतात. उद्घाटनं करायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं, सभेत बसायचं, शहराच्या वतीनं चार शब्द बोलायचे. असं पद त्यानं घ्यावं का? आणि घेतलंच तर त्या खुर्चीत बसून नेमकं काय करावं?

आपल्याकडं या प्रश्नाची दोन उत्तरं ठरून गेलेली आहेत. चळवळीतले सोबती म्हणतात, माणूस हातचा गेला. राजकारणातले जाणते म्हणतात, शोभेचं पद देऊन त्याला गप्प केलं. ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. अधिकाराच्या पदाला स्वतःची ताकद असते. सही, अंदाजपत्रक, बदल्या, नियमपुस्तक हे सगळं खुर्चीबरोबर मिळतं, आणि सामान्य कुवतीचा माणूससुद्धा त्याच्या बळावर पाच वर्षं रेटून नेतो. मानाच्या पदाला असं काही मिळत नाही. बसणारा माणूस स्वतःबरोबर जेवढा विश्वास घेऊन येतो, तेवढंच त्या पदाचं वजन. म्हणूनच तिथं कोण बसतं याला अधिकाराच्या खुर्चीपेक्षाही जास्त महत्त्व आहे, आणि म्हणूनच कार्यकर्त्यानं ते पद घेण्यात अर्थ आहे, हे मला आज मांडायचं आहे. त्यासाठी मी तुम्हाला आधी अमेरिकेतल्या एका लहान गावात नेणार आहे आणि मग आपल्या मुंबई-पुण्यात परत आणणार आहे.

या गावाचं नाव स्टेट कॉलेज. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जवळपास मध्यभागी, माउंट निटनीच्या पायथ्याशी, सेंटर काउंटीत ते वसलेलं आहे. १८५५ साली तिथं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा स्थापन झाली. पुढं तिचं पेन स्टेट विद्यापीठ झालं आणि त्याच्या भोवती गाव वाढलं. १८९६ मध्ये त्याला बरोचा, म्हणजे साधारण आपल्या नगरपरिषदेसारखा, दर्जा मिळाला. २०२० च्या जनगणनेत बरोची लोकसंख्या ४०,५०१ होती. पण फुटबॉल सामन्याच्या दिवशी तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात, म्हणजे गावाच्या अडीचपट गर्दी एका मैदानात. गावात दोन प्रकारचे रहिवासी आहेत. एक पिढ्यानपिढ्या राहणारे, दुसरे चार वर्षांसाठी येणारे विद्यार्थी. त्यांत जगभरातून आलेले प्राध्यापक आणि संशोधक आहेत, आपल्याकडून गेलेली मराठी मुलंमुलीही आहेत. भाडं, आवाज, पार्किंग, पोलीस या साऱ्यांवरून या दोन गटांत सतत ओढाताण चालते. विद्यापीठाच्या भोवती वाढलेली वस्ती पुणेकरांना काही नवीन सांगावी लागणार नाही.

अशा गावात महापौर काय करू शकतो? पेनसिल्व्हेनियातल्या सर्वसाधारण बरोमध्ये पोलीस दलावर देखरेख महापौराकडं असते. स्टेट कॉलेजनं मात्र १९७० च्या दशकात, राज्याच्या कायद्यानं दिलेल्या मुभेचा फायदा घेऊन, स्वतःची सनद लिहिली. त्या सनदेनुसार धोरण ठरवते ती सात जणांची निवडून आलेली कौन्सिल आणि कारभार चालवतो तो कौन्सिलनं नेमलेला व्यवस्थापक. पोलीसही व्यवस्थापकाच्या हाताखाली येतात. महापौर थेट लोकांमधून चार वर्षांसाठी निवडला जातो, पण कौन्सिलच्या ठरावावर त्याला मत नाही. नकाराधिकार आहे, पण कारभाराचा रोजचा एकही धागा त्याच्या हातात नाही. तो गावाचा मानाचा प्रमुख. उत्सवांना हजर राहणं, जाहीरनामे काढणं, गावाच्या वतीनं बोलणं आणि लग्नं लावणं ही त्याची कामं. पेनसिल्व्हेनियात बरोच्या महापौराला विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार असतो. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, तो पुढं लागणार आहे.

ही रचना आपल्याला अनोळखी वाटायला नको. मुंबईत १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर हे पद आलं आणि आर्थर क्रॉफर्ड त्यावर बसले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानं कारभाराचे अधिकार आयुक्ताकडं दिले. अमेरिकेत नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती शहर देण्याची पद्धत त्यानंतर आली. व्हर्जिनियातल्या स्टाँटननं १९०८ मध्ये ती सुरू केली, आणि १९१३ च्या महापुरात ओहायोतलं डेटन शहर कोलमडल्यावर तिथं ती अंगीकारली गेली. त्यामागचा विचार असा होता की वशिलेबाजी करणाऱ्या पुढाऱ्यांच्या हातून पाणी, गटार, रस्ते काढून ते तज्ज्ञाकडं द्यावेत. एक फरक मात्र मूलभूत आहे. स्टेट कॉलेजचा व्यवस्थापक गावानं निवडलेल्या कौन्सिलला जबाबदार असतो. आपला आयुक्त राज्य सरकार नेमतं. त्यामुळं आपल्या महापौरावर शहराचा आवाज होण्याची जबाबदारी स्टेट कॉलेजच्या महापौरापेक्षा जास्त येते, कमी नाही.

आता त्या गावातला एक प्रवास पाहू. एझ्रा नेन्स हे २०२२ च्या जानेवारीपासून स्टेट कॉलेजचे महापौर झाले. त्याआधी ते गावात हवामान अंदाज देणाऱ्या अॅक्युवेदर या कंपनीत काम करत होते. कंपनीही याच गावची, १९६२ साली जोएल मायर्स यांनी सुरू केलेली. नेन्स यांची सार्वजनिक ओळख मात्र हवामानबदल, स्वच्छ ऊर्जा आणि सार्वजनिक वाहतूक या प्रश्नांवर झटणारा नागरिक अशी होती. गावाची आणि आसपासच्या टाउनशिपांची बससेवा चालवणाऱ्या सेंटर एरिया ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटीच्या मंडळावर त्यांनी काम केलं. बसच्या वेळापत्रकांवर आणि मार्गांवर तासन्‌तास चालणाऱ्या अशा बैठकांना वर्तमानपत्रांचे वार्ताहर फारसे फिरकत नाहीत. पण बसवर अवलंबून असलेल्या विद्यार्थी, वृद्ध आणि कामगारांचं गाव कसं चालतं ते तिथं कळतं.

मानाच्या पदाआधी त्यांनी खऱ्या सत्तेचं दार ठोठावलं होतं. २०१८ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे पेनसिल्व्हेनियाच्या राज्य सिनेटसाठी उभे राहिले. समोर होते जेक कॉर्मन, सिनेटमधले रिपब्लिकन बहुमताचे नेते. ती जागा कॉर्मन घराण्याकडं १९७७ पासून होती, आधी वडील डॉयल कॉर्मन आणि १९९९ पासून मुलगा. मतदारसंघ विस्तीर्ण, बराचसा ग्रामीण. अशा ठिकाणी नवख्या उमेदवाराचा पराभव व्हायचा तो झाला. पण त्या प्रचारात माणूस दारोदार फिरतो, आपल्या मताशी न जुळणाऱ्या माणसाच्या ओसरीवर उभा राहतो, त्याचं ऐकून घेतो. २०२१ मध्ये ते महापौरपदासाठी उभे राहिले आणि निवडून आले.

वरवर पाहता हा उतार वाटेल. राज्याच्या सिनेटमध्ये कायदे होतात, महापौरपदावर फीत कापली जाते. मला तसं वाटत नाही. सिनेटच्या निवडणुकीत त्यांना पक्षाच्या बाजूनं बोलावं लागलं. महापौर म्हणून त्यांना ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्याही वतीनं बोलावं लागतं. कार्यकर्त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत अवघड वळण आहे. आपण एका मागणीचे असतो, तिच्यासाठी भांडतो, आणि एक दिवस आपल्याला सगळ्या गावाचं व्हावं लागतं. मागणी सोडायची नाही आणि गावही सोडायचं नाही. मानाचं पद ही कसोटी घेतं. पक्षाच्या बहुमतामागं लपायची सोय तिथं नसते.

आता लग्न लावण्याच्या अधिकाराकडं येतो. नेन्स यांच्या आधीच्या महापौरांपैकी एलिझाबेथ गोरहॅम या २०१० ते २०१७ अशी आठ वर्षं या पदावर होत्या. त्यांच्या आधी बिल वेल्च हे १९९४ पासून २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौर राहिले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १९९६ च्या कायद्यानुसार विवाह हा फक्त पुरुष आणि स्त्रीचा. २०१३ च्या जुलैमध्ये त्याच राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या एका अधिकाऱ्यानं हा कायदा घटनाविरोधी आहे असं म्हणत समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली. राज्य सरकार त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. त्या ऑगस्टमध्ये असा परवाना घेतलेल्या एका जोडप्याचं लग्न गोरहॅम यांनी स्टेट कॉलेजमध्ये जाहीरपणे लावलं. कायद्याच्या नजरेत त्याचं काय होईल हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. नऊ महिन्यांनी, २० मे २०१४ रोजी, फेडरल न्यायाधीश जॉन जोन्स यांनी पेनसिल्व्हेनियाची ती बंदी रद्द केली.

या घटनेत मला मानाच्या पदाचं मर्म दिसतं. ज्या अधिकाराकडं सगळे केवळ समारंभ म्हणून पाहत होते, तोच अधिकार त्या दिवशी एका मूल्याच्या बाजूनं उभा राहिला. गोरहॅम यांना कायदा बदलता येत नव्हता, अंदाजपत्रकातला एक डॉलर हलवता येत नव्हता. पण गाव ज्यांना आपलं म्हणायला तयार आहे, त्यांच्यासाठी गावाच्या वतीनं उभं राहणं त्यांच्या हातात होतं. आणि त्या उभ्या राहिल्या, निकाल लागण्याआधी. निकाल लागल्यानंतर उभं राहणारे पुष्कळ असतात.

त्याआधीचं एक उदाहरण आणखी बोलकं आहे. नोव्हेंबर २०११ चा दुसरा आठवडा. मार्सेलस शेल या भूस्तरातून नैसर्गिक वायू काढण्यासाठी पेनसिल्व्हेनियात खडक फोडण्याचं, म्हणजे फ्रॅकिंगचं काम धडाक्यात चाललं होतं. स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी सह्या गोळा करून गावाच्या सनदेत पर्यावरणहक्कांची दुरुस्ती आणि फ्रॅकिंगला बंदी हा प्रश्न मतदानाला लावला. ८ नोव्हेंबरला सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. दुसऱ्याच रात्री विद्यापीठातल्या बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणामुळं प्रख्यात फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना काढून टाकण्यात आलं. हजारो विद्यार्थी बीव्हर अॅव्हेन्यूवर उतरले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलटवली गेली. त्यानंतरच्या शुक्रवारी रात्री विद्यापीठाच्या हिरवळीवर हजारो लोक पीडित मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन जमले. एकाच आठवड्यात एका गावाचे तीन चेहरे दिसले. अशा आठवड्यात व्यवस्थापक रस्ते मोकळे करतो, पोलीस गर्दी हाताळतात, वकील निवेदनं तपासतात. पण 'हे गाव नेमकं कोणतं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला मानाच्या खुर्चीतला माणूसच लागतो. ते उत्तर त्याला आयत्या वेळी सुचत नाही. तो आधी कुणाकुणाजवळ उभा राहिला होता, त्यातून ते येतं.

या अनुभवांतून मी मानाच्या पदाच्या तीन शक्ती मोजतो. पहिली उपस्थितीची. कुणाच्या दुःखाला, कुणाच्या सणाला, कुणाच्या अपमानाला शहर हजर राहिलं हे महापौराच्या येण्यानं ठरतं. दुसरी निमंत्रणाची. एकमेकांचं तोंड न पाहणारे पोलीस अधिकारी, विद्यार्थी संघटना, घरमालक आणि भाडेकरू महापौरानं बोलावलं तर एका टेबलाशी बसतात, कारण त्या टेबलावर कुणाची बदली होणार नसते आणि कुणाला कंत्राट मिळणार नसतं. तिसरी शक्ती मान्यतेची. कुणाचा दिवस साजरा करायचा, कुणाचं नाव चौकाला द्यायचं, कुणाचं काम जाहीरपणे नोंदवायचं. दिवस कुणाचा साजरा होत नाही हेही तिथंच ठरतं. या तिन्ही शक्ती कार्यकर्त्यानं पदाआधीच कमावलेल्या असतात. पद फक्त त्यांना शहराचं नाव देतं.

पण या पदाच्या मर्यादा सांगितल्याशिवाय मी पुढं गेलो तर ती तुमची फसवणूक होईल. २० मार्च २०१९ रोजी स्टेट कॉलेजमध्ये मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या एका २९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या घरी पोलीस गेले. त्याला उपचारासाठी नेण्याचा आदेश त्यांच्याकडं होता. तरुणाच्या हातात चाकू होता. पोलिसांच्या गोळीनं तो मेला. सरकारी वकिलांनी पोलिसांवर आरोप ठेवले नाहीत. गाव हादरलं. त्या वेळी महापौर होते डॉन हान, २०१७ मध्ये निवडून आलेले, स्टेट कॉलेजचे पहिले आशियाई वंशाचे महापौर. पोलीस त्यांच्या हाताखाली नव्हते आणि ठरावावर त्यांना मत नव्हतं. त्या तारखेचंच नाव घेऊन 'थ्री-ट्वेंटी कोअॅलिशन' ही नागरिकांची आघाडी उभी राहिली. तिनं सभा घेतल्या, कौन्सिलच्या बैठकांत प्रश्न विचारले, आंदोलनं केली. २०२१ मध्ये कौन्सिलनं पोलीस कारभारावर नजर ठेवणारं नागरिकांचं मंडळ स्थापन केलं. ते मंडळ महापौरपदातून आलं नाही. रस्त्यावरून आलं.

चळवळीसाठी यातला धडा स्पष्ट आहे. एखादा कार्यकर्ता मानाच्या पदावर गेला म्हणून चळवळीनं सुस्तावून चालणार नाही. तो आत गेला तर बाहेर कुणीतरी राहिलंच पाहिजे, आणि बाहेरच्यांनी त्याच्यावरही प्रश्नांचा मारा चालू ठेवला पाहिजे. नेन्स ज्या गावाचे महापौर झाले, ते गाव नुकतंच हे शिकलेलं होतं.

आता आपल्याकडं येऊ. महाराष्ट्रात मानाच्या खुर्चीत कार्यकर्ते बसलेच नाहीत असं कुणी म्हणेल, तर तो इतिहास विसरला. मुंबईत महापौर हे नाव १९३१ पासून रूढ झालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९४२ साली, त्या खुर्चीवर युसूफ मेहेरअली बसले. सायमन कमिशनविरुद्ध 'सायमन, गो बॅक'ची आरोळी देणारे, 'क्विट इंडिया' ही घोषणा ज्यांनी सुचवली असं मानलं जातं, ते समाजवादी कार्यकर्ते. काँग्रेसनं त्यांना महापौरपदाची उमेदवारी दिली तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. सुटून आले, निवडून आले आणि मुंबईचे तोवरचे सर्वांत तरुण महापौर झाले. जपान महायुद्धात उतरलेला होता, हवाई हल्ल्याच्या भीतीनं लोक मुंबई सोडून गावाकडं निघाले होते. अशा शहरात धीर देणं हेच महापौराचं मोठं काम होतं. ८ ऑगस्टला गोवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला तेव्हा यजमान शहराचे पहिले नागरिक तेच होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह ज्यांना अटक झाली त्यांतही ते होते. तुरुंगातून खुर्चीकडं आणि खुर्चीतून तुरुंगाकडं. पदानं त्यांच्यातला कार्यकर्ता एका दिवसासाठीही झाकला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा काळ आठवा. १९५८ साली मुंबईचे महापौर झाले एस. एस. मिरजकर, गिरणी कामगारांच्या संपातून घडलेले कम्युनिस्ट, मीरत कटाच्या खटल्यात १९२९ मध्ये आरोपी ठरवले गेलेले. इंग्रज सरकारनं ज्याला राज्याविरुद्ध कट करणारा म्हटलं, तोच शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करू लागला. पाठोपाठ १९५९ मध्ये पी. टी. बोराळे महापौर झाले, बाबासाहेबांच्या चळवळीतून आलेले. ज्या समाजाला शहरातल्या पाणवठ्यांपासून दूर ठेवलं गेलं होतं, त्याच समाजाचा माणूस मुंबईचा पहिला नागरिक झाला. कुठल्या ठरावानं हा बदल आला असता? मानाच्या पदाचा मान कुणाला मिळतो, यातूनच समाजाचा निम्मा निकाल लागतो.

पुण्यातही तेच. गोवा मुक्तीसाठी १९५५ मध्ये सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन जाणारे आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिलेले नानासाहेब गोरे १९६७-६८ मध्ये पुण्याचे महापौर होते. दहा वर्षांनी ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. भाई वैद्य १९७४-७५ मध्ये महापौर झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, पुढं राज्यात गृहराज्यमंत्री झाले आणि त्यानंतरही म्हातारपणापर्यंत शिक्षणहक्काच्या आंदोलनांत रस्त्यावर दिसत राहिले. मेहेरअलींपासून भाईंपर्यंत या सगळ्यांकडं पाहिलं की एक गोष्ट जाणवते. महापौरपद हा त्यांच्या आयुष्यातला मधला टप्पा होता. आधी काम होतं, नंतरही काम होतं. पद संपल्यावर 'आता काय?' हा प्रश्न त्यांना पडला नाही.

अलीकडचं एक उदाहरणही सांगतो. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या लाटेत मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. त्या स्वतः पूर्वी परिचारिका होत्या. भीतीनं पिचलेल्या परिचारिकांसमोर जेव्हा त्यांच्यातलीच एक शहराची प्रमुख म्हणून उभी राहिली, तेव्हा कुठल्याही परिपत्रकानं जो धीर दिला नसता तो मिळाला. पक्षाचा विचार बाजूला ठेवून आपण एवढं मान्य करायला हवं की तिथं खुर्चीपेक्षा जुनं काम उपयोगी पडलं.

मग आज आपण या पदाकडं कसं पाहतो? खेदानं सांगावं लागतं की आपल्या पक्षांनी त्याची वाटणीची वस्तू करून टाकली आहे. अडीच वर्षांची मुदत, तीही कधी दोघांत वाटून घेतलेली. नगरसेवकांच्या आकड्यांवर ठरलेलं नाव. आरक्षणाच्या सोडतीला मी दोष देणार नाही. तिच्यामुळं स्त्रिया, दलित, इतर मागासवर्गीय या खुर्चीपर्यंत पोचले आणि ते मोलाचं आहे. दोष त्या पक्षांचा आहे, जे सोडत निघाल्यावर त्या प्रवर्गातला काम केलेला माणूस शोधत नाहीत, आज्ञेत राहणारा शोधतात. आणि याहून मोठी चूक राज्यानं केली. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला महापौरच नव्हता. प्रशासक होते, अंदाजपत्रक होतं, कामं निघत होती. राज्यातली इतरही अनेक शहरं तशीच चालली. त्या काळात कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याजवळ शहराच्या वतीनं उभं राहायला निवडून आलेला कुणी नव्हता. मानाचं पद रिकामं राहिलं तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी त्या वर्षांकडं पाहावं.

म्हणून मी काही ठोस गोष्टी मागतो.

पहिली मागणी राजकीय पक्षांकडं. महापौरपद आणि नगरसेवकपदाच्या उमेदवारीत निदान काही जागा अशा माणसांना द्या, ज्यांनी पाणी, कचरा, झोपडपट्टी पुनर्वसन, शाळा, बससेवा यांपैकी एखाद्या प्रश्नावर किमान पाच वर्षं काम केलेलं आहे. दुसरी मागणी कायदा करणाऱ्यांकडं. महापौराची मुदत महापालिकेच्या मुदतीएवढी, पाच वर्षांची करा. अडीच वर्षांत माणसाला शहराचे प्रभागही नीट पाहून होत नाहीत, विश्वास कुठून मिळवणार? आणि महापालिकांच्या निवडणुका वेळेवर घ्या, त्यात कुठल्याही कारणानं तडजोड नको.

तिसरी मागणी या पदावर जाणाऱ्यांकडं. आठवड्यातला एक ठरलेला वेळ कोणत्याही नागरिकासाठी, चिठ्ठीशिवाय, खुला ठेवा. सफाई कामगारांच्या चौकीत, महापालिकेच्या शाळेत, दवाखान्यात, स्मशानात बातमीदारांना न सांगता जा. जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांना बोलवा. फेरीवाले आणि सोसायट्यांचे अध्यक्ष, रिक्षावाले आणि वाहतूक पोलीस, विद्यार्थी आणि घरमालक यांची संयुक्त बैठक घेण्यासाठी कुठल्याही मंजुरीची गरज नाही. तुमचा शब्द पुरेसा आहे. तो शब्द वापरा.

आणि चौथी मागणी चळवळीतल्या माझ्या मित्रांकडं. आपल्यातल्या एखाद्याला असं पद मिळालं तर त्याला निरोप देऊ नका. त्याच्या जागी संघटना कोण सांभाळणार हे आधी ठरवा. दर महिन्याला त्याला समोर बसवून हिशेब मागा. त्याच्याकडून बदल्या, परवाने आणि कंत्राटं मागू नका, कारण ती त्याच्या हातात नाहीत आणि असती तरी मागायची नव्हती. त्याच्याकडं हजेरी मागा, निमंत्रण मागा, मान्यता मागा. आणि त्याची मुदत संपली की त्याला परत कामावर घ्या.

मला ठाऊक आहे, कुणी म्हणेल की हजेरीनं पाणी येत नाही आणि मान्यतेनं घर मिळत नाही. खरं आहे. पण ज्याच्या वस्तीत शहराचं कुणीच कधी आलं नाही, त्याच्या अर्जाचं काय होतं हेही आपण पाहिलेलं आहे. तो अर्ज फायलीत पडून राहतो, कारण तो माणूस शहराच्या हिशेबातच नसतो. त्याला हिशेबात आणणं ही नागरी हक्काची पहिली पायरी आहे. स्टेट कॉलेजमध्ये ज्या जोडप्याचं लग्न महापौरांनी लावलं, त्यांना त्या दिवशी कायद्याचा आधार मिळाला नव्हता. आपण या गावाचे आहोत हे मात्र त्यांना जाहीरपणे सांगितलं गेलं. न्यायालयाचा निकाल त्यानंतर आला.

येत्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारी येतील. आश्वासनं ऐका, पण त्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा. तुम्ही या पदासाठी उभे राहण्याआधी पाच वर्षं कुठं होतात, कुणाबरोबर होतात आणि तुमच्याशिवाय ते कोण सांगू शकेल? ज्याच्याकडं या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते उत्तर सांगणारी माणसं आहेत, त्याला मत द्या. मग त्याला अधिकाराची खुर्ची मिळो की मानाची, तो तिथं बसून शहराच्या उपयोगी पडेल.